सांभाळून घेणारी पेटी

आमच्याकडे पहिला तास फुकट असतो. तास म्हणायची पद्धत, असतात वीस-पंचवीस मिनिटं. भिलाईत त्याला सगळे ‘डेमो’ म्हणतात. दुकानदार साडी उलगडून दाखवतो तसं मी गाणं उलगडून दाखवायचं आणि घ्यायचं की नाही ते आईबापांनी ठरवायचं. रिसालीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मी सव्वीस वर्षं गाण्याचा क्लास चालवला. एक सतरंजी, एक पेटी, टाळांची जोडी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच सामान. अजूनही चालवतो, पण थोडा.

लोकांना वाटतं, डेमोत मास्तर गाऊन दाखवत असेल. नवीन असताना मीही तेच करायचो. डोळे मिटून चांगली दहा मिनिटं गायचो. समोरची बाई म्हणायची, “बहुत अच्छा गाते हैं आप,” आणि पुन्हा फिरकायची नाही. माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. आईबाप डेमोला मास्तरचं गाणं ऐकायला येतच नाहीत. ते आपल्या पोराचं गाणं ऐकायला येतात. घरी न्हाणीघरात गुणगुणणारं आपलं लेकरू पेटीसोबत कसं वाटतं, एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

ते मी त्यांना ऐकवू शकत होतो. क्लास काढण्याआधी मी स्टील प्लांटच्या वसाहतींतल्या, इथल्या भाषेत सेक्टरांमधल्या, भजनी मंडळांत पेटी वाजवायचो. तिथे ड्यूटी करून आलेली माणसं गायची. गळा तापलेला, पट्टी कोणाची ठिकाणावर नाही. धरलेला सूर अंतऱ्यापर्यंत वर चढलेला असायचा, नाहीतर खाली बसलेला. अशा वेळी पेटीवाला काय करतो? गाणाऱ्याच्या मागे जातो. तो सरकला की आपणही बोटं सरकवतो, ती इतक्या गुपचूप की समोर बसलेल्यांना पत्ता लागत नाही. कार्यक्रम संपला की मंडळी म्हणायची, “पेटीवाल्यानं सांभाळून घेतलं बरं.” त्या वाक्यावर मी तरुणपण काढलं.

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीचे स्वर पक्के असतात. गाणाऱ्याने त्यांच्यापर्यंत यायचं असतं. इमानदार मास्तर एक पट्टी दाबून धरतो आणि पोर तिथपर्यंत येईस्तोवर थांबतो. यायला कधी चार दिवस लागतात, कधी चार महिने. डेमोत माझ्याजवळ वीस मिनिटं असायची. म्हणून मी पोराला आधी गायला लावायचो, ते कुठे उभं आहे ते पकडायचो आणि पेटी तिथे नेऊन ठेवायचो. ते घसरलं की मीही घसरायचो. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की दोघं एकत्र आहेत. कोण कोणाच्या मागे गेलं, ते कळत नाही. मग आईचा चेहरा उजळायचा. तेवढ्यात मी पेटीचा भाता बंद करून हळू आवाजात म्हणायचो, “गळा आहे. फक्त बसवावा लागेल.”

या वाक्यानंतर नाव न घालणारे लोक मी फार थोडे पाहिले.

यात पाप आहे असं मला वाटत नसे. आपला गळा चांगला आहे असं वाटलेलं पोर रियाज करतं, आणि रियाज केला की बहुतेकांचा सूर जागेवर येतो. एक तेलुगू मुलगा असाच आला होता, सुराचा अजिबात पत्ता नसलेला. आज तो दुर्गला स्वतःचा क्लास चालवतो, आणि डेमोत तोही हेच करत असणार. मी त्याला कधी विचारलं नाही.

ही चोरी सव्वीस वर्षांत एकाच माणसाने पकडली. शेंडे नावाचे एक गृहस्थ हथखोजच्या कारखान्यांच्या भागात लेथ चालवायचे, वर्कशॉप स्वतःचं. लेथवर कातायला येणाऱ्या लोखंडाच्या तुकड्याला ते ‘जॉब’ म्हणायचे. पन्नाशीत गाणं शिकावंसं वाटलं म्हणून आले. दोन ओळी गायले आणि थांबले.

“मास्तर, तुमी माह्या मागं मागं येऊन राहिले काय?”

“नाही, म्हणजे साथ करतो आहे.”

“साथ नोको करू. मी चुकलो तं मले समजलं पाह्यजे ना! आता लेथच जर जॉबच्या मागं सरकत गेली, तं जॉब बनन कसा?” वर हसून म्हणाले, “अन् तुमच्या पेटीतली ती वरची पट्टी जराशी उतरली हाये. पाहून घ्या.”

पट्टी खरंच उतरली होती. दिवसभर लोखंडाचा आवाज ऐकणाऱ्याचा कान तो! शेंड्यांनी नाव घातलं नाही. मी तो किस्सा बरीच वर्षं गंमत म्हणून सांगत फिरलो.

आता मुलीकडे येतो. तिला आपण तन्वी म्हणू, आणि तिच्या आईला लांजेवार वहिनी.

त्या वर्षी सिविक सेंटरकडे एक नवा क्लास निघाला होता. एसी, कीबोर्ड, भिंतीवर गिटारी टांगलेल्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण माझी सतरंजी रिकामी पडत चालली. जूनमध्ये शाळा उघडल्या की माझ्याकडे डेमोची रांग असायची. त्या जूनमध्ये मी दुपारी चारला दार उघडून बसायचो आणि जिन्यावर कान ठेवायचो. जिना लोखंडी आहे. पाऊल पडलं की वाजतो. तो वाजायचा आणि खालच्या भाडेकरूची मुलगी गच्चीवर निघून जायची. झोप उडाली होती. बायकोला काही सांगत नव्हतो, आणि ती विचारत नव्हती.

अशा एका दुपारी वहिनी तन्वीला घेऊन आल्या. मूळचे भंडाऱ्याकडचे लोक, नवरा प्लांटमध्ये. मुलगी आठ वर्षांची, दोन वेण्या, बोलणं कमी.

“सर, हिचं लक्षच नसते,” वहिनी बसता बसता म्हणाल्या. “चार हाका मारा तवा एकदा पाह्यते. शाळेतूनही तेच सांगून राहिले. कोणीतरी बोललं का गाणं शिकवा, ध्यान लागते. खरं हाये का?”

“खरं आहे,” मी म्हणालो. हेही आमच्या धंद्यातलं ठरलेलं वाक्य.

मी तन्वीला ‘सा’ म्हणून दाखवला. तिने म्हटला तो भलतीकडेच होता. नवं पोर तो नेहमीच भलतीकडे लावतं. पण ती पेटीकडे बघत नव्हती, माझ्या ओठांकडे बघत होती. भात्यात काही अडकलं म्हणून मी खाली वाकलो आणि तसाच म्हणालो, “आता पुन्हा म्हण.” ती गप्प. मी मान वर केली. ती हसली, पण एक क्षण उशिरा.

ते हसू मला ओळखीचं होतं. माझ्या आईचे कान तरुणपणीच एका मोठ्या तापात गेले होते. आमच्या घरात आईशी बोलताना सगळे तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे. पाहुण्यांना कळू नये म्हणून ती सगळ्यांचे ओठ बघायची आणि सगळे हसून झाले की हसायची. एक क्षण उशिरा. मी त्या हसण्यासमोर वाढलो. मला शंका आली असं मी इथे लिहू शकतो, पण ते खोटं होईल. मला कळलं.

“पाहा, असंच करते,” वहिनी म्हणाल्या. “सर, खरं सांगजा हं. गळा नसन तं नाई म्हणा. मंग चित्रकलेच्या क्लासमंदी टाकतो हिले.”

जिन्यावर त्या दिवशी दुसरं कोणी येणार नव्हतं.

मी तन्वीला एक कविता म्हणायला लावली, शाळेतली. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे पेटी घेऊन गेलो. इतकी कठीण साथ मी आयुष्यात केली नसेल. प्रत्येक ओळीत ती तीन जागा बदलत होती. मला घाम आला, पण कुठे फट दिसू दिली नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला. “बाप्पा! पेटीवर किती चांगलं वाटते हिचं!”

“गळा आहे,” मी म्हणालो. “फक्त बसवावा लागेल. लक्षही लागेल.”

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच. असे दहा महिने.

मी तिला सगळ्यांत पुढे, पेटीला चिकटून बसवत असे. आठ-पंधरा दिवसांत तिने आपणहून एक गोष्ट सुरू केली. डावा तळहात पेटीच्या लाकडावर ठेवायची आणि मगच गायची. लाकूड थरथरतं, ते तिला कळत असावं. कधी कधी तेवढ्यावर ती खऱ्या सुराच्या अगदी जवळ यायची. मग मला आशा वाटायची की होईल सगळं आपोआप, मला काही सांगावं लागणार नाही. दुसऱ्या ओळीला पुन्हा भलतीकडे. पुन्हा मी तिच्या मागे.

दर मंगळवारी ठरवायचो, आज सांगायचं. जिन्यावर वहिनींच्या चपला वाजल्या की मी घाईने पेटी पुढे ओढायचो. सांगायचं तर कसं? ‘कानांना दाखवा’ म्हटलं की त्या विचारणार, सुरात गाते ना मग? आणि पहिल्याच दिवशी मी काय केलं ते बाहेर येणार. आज नको, शुक्रवारी. शुक्रवारी इतर पालक असायचे. असं करत दिवाळी गेली, संक्रांत गेली. दरम्यान वहिनी दारात उभ्या राहून बातम्या द्यायच्या. शाळेत लक्ष देत नाही म्हणून मॅडमने शेवटच्या बाकावर बसवलं. श्रुतलेखनात भोपळा. घरी मार खाते. मी मान हलवायचो. शेवटचा बाक हे ऐकून त्या रात्री मी जेवलो नाही, पण शुक्रवारी पेटी तशीच वाजवली.

मग एका संध्याकाळी वहिनी क्लास सुटल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबल्या. त्यांची नणंद तुमसरहून आलेली होती.

“आत्याबाई म्हणून राहिल्या का हिचे कान दाखवा डाक्टरले. म्या म्हटलं, कावून? पोट्टी पेटीवर गाते, सुरात गाते. कान खराब असते तं सुरात गाती काय? सर काय उगाच म्हणतीन? चूपच बसल्या मंग.” त्या हसल्या. “बरोबर हाये ना सर?”

मी आत्तापर्यंत फक्त गप्प होतो. गप्प राहण्याला माणूस बरीच नावं देऊ शकतो. पण आता मला कोणी सरळ विचारत होतं.

“हो,” मी म्हणालो.

इतकंच. त्या उतरून गेल्या. मी आत येऊन सतरंजीवर बसलो. माझ्या पेटीच्या जोरावर एका आईने डॉक्टरकडे जायचं रद्द केलं होतं. भजनी मंडळात मी बेसूर गायकाला लोकांसमोर सांभाळून घ्यायचो, त्यात कोणाचं काही जात नव्हतं. इथे मी पोरीला तिच्या आईपासून लपवून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी मी खिडकीत उभा होतो. तन्वी समोरच्या रस्त्याने एकटी येत होती. वहिनी मागे भाजीवाल्याशी थांबल्या होत्या. मागून एक मोटारसायकल आली, हॉर्न देत देत. मुलगी रस्त्याच्या मध्ये. मोटारसायकलवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न दाबला, मग करकचून ब्रेक मारला, गाडी तिरपी केली आणि तिच्या बाहीला घासून पुढे गेला. “बहरी है क्या!” तो ओरडला. त्याला एका मिनिटात कळलं. तन्वी चालतच राहिली. वर आली, चपला काढल्या, हसली आणि पेटीवर हात ठेवला.

मी वहिनींना वर बोलावलं.

“बसा. आज तुम्ही ऐका.”

मी पेटीचा एकच स्वर धरला आणि तन्वीला गायला सांगितलं. ती गात होती आणि मी पहिल्यांदाच जागचा हललो नाही. दोन आवाज एकमेकांना फाडत होते. वहिनींच्या कपाळावर आठ्या आल्या.

“आज काय झालं हिले?”

“आज काही झालं नाही, वहिनी. ती रोज अशीच गाते. रोज मी तिच्या मागे जातो, म्हणून तुम्हाला कळत नाही.”

त्यांना समजलं नाही. मी टाळ उचलले, तन्वीच्या पाठीमागे गेलो आणि वाजवले. गाणं थांबल्यावर ती वहीत काहीतरी रंगवत बसली होती, रंगवतच राहिली. वहिनी उठल्या. “तनू,” त्या हळू म्हणाल्या. मग मोठ्याने. मग त्या तिच्यासमोर जाऊन बसल्या, तेव्हा मुलीने वर पाहिलं आणि विचारलं, “काय वं आई?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. “सर, तुमाले कवा समजलं?”

दहा महिने ज्या प्रश्नाला भीत होतो तो आला, आणि मी म्हणालो, “दोन-तीन आठवडे झाले. शंका होती.”

दुर्गच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान कमी, हळूहळू आणखी कमी होणारे. कानांना मशिनी लागल्या. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. किती बरं झालं असतं ते मी वहिनींना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

यानंतर जे झालं ते सगळ्यात वाईट. मी मोठा झालो. “डाक्टरच्या आधी सरांनी पकडलं,” असं वहिनी भेटेल त्याला सांगत सुटल्या. लोक पोरांना घेऊन येऊ लागले. ज्या सरांना पोरीचे कान कळले, त्यांच्याचकडे पोराला घालायचं. पुढच्या जूनमध्ये जिना दिवसभर वाजत होता. कितीतरी जणांनी डेमोसुद्धा मागितला नाही, सरळ नाव घातलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली जाहिरात ती, आणि मी ती होऊ दिली. सणासुदीला त्यांच्या घरून फराळाचा डबा यायचा. मी डबा धुऊन, त्यात साखर घालून परत पाठवायचो.

तन्वी मशिनी लावून एकदाच क्लासला आली. मी एक स्वर धरला आणि याही वेळी हललो नाही. तिने पेटीवर हात ठेवून कवितेची पहिली ओळ म्हटली. थांबली. पुन्हा म्हटली.

“सर, ही मीच हाये?”

“मशीन नवी आहे, बेटा. सवय होईल.”

“पण तुमी तं म्हणत होते, चांगली गाते.”

तिने पेटीवरचा हात काढला आणि मांडीत घेतला. पुढच्या आठवड्यापासून ती चित्रकलेला जायला लागली. चित्रं फार छान काढते, असं ऐकतो.

यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या या वार्षिक अंकासाठी समितीतले एक काका घरी आले. “तुमच्या कामाबद्दल लिहा. ते पोरीचं येऊ द्या त्यात, तुम्ही तिचे कान कसे ओळखले ते. लोकांना प्रेरणा मिळते.” मी नाही म्हणालो. ते गेले. मग आठ दिवसांनी मी वहिनींच्या घरी गेलो.

त्या कणीक मळत होत्या. तन्वी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, आता दहा वर्षांची. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा पिऊन परत निघालो असतो.

“वहिनी, मला दोन-तीन आठवडे आधी कळलं नव्हतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

त्यांचे हात परातीत थांबले.

“कोन्त्या पहिल्या दिवशी?”

“डेमोच्या.”

“अन् मी तुमाले विचारलं होतं. आत्याबाई आल्या तवा. पायरीवर.”

“तेव्हाही माहीत होतं.”

मला वाटत होतं की त्या ओरडतील, आणि मला ते हवंही होतं. त्यांनी हाताची कणीक एक एक बोट करून काढली.

“सर, त्या दिवसाईत मार खात होती ना ती, तो तिच्या पप्पाचा नाई. माहा. चार हाका मारून येत नाई म्हणून म्या मारलं तिले. लाटण्यानं मारलं एकदा.” आतल्या खोलीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. तो पोरीला आता ऐकू जाऊ शकत होता. “त्याचं मी काय करू, सांगा.”

मी उभाच राहिलो.

“त्या अंकामंदी लिहिणार हाये तुमी?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“लिहा,” त्या म्हणाल्या. “पायरीवरचंही लिहा. पोट्टीचं नाव नोका घालू, माहंही नोका घालू. तुमचं घाला.” आणि त्यांनी पुन्हा परातीत हात घातले. डबा द्यायला उठल्या नाहीत, दारापर्यंतही आल्या नाहीत.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे वरची मायलेकींची नावं मी बदलली आहेत. रिसालीत ओळखायचं ते ओळखतील, त्याला इलाज नाही. बाकी एकही गोष्ट बदललेली नाही, आणि लेखावर नाव माझं आहे.